शैलावहिनीची रिव्हिजन

निरोप ऑफिसात आला. मी नुकतीच टेबलाशी बसून कालच्या पत्रांची उत्तरं चाळत होते, तेवढ्यात फोनवर अमेयचा मेसेज दिसला. अमेय म्हणजे माझा भाचा, शैलावहिनीचा मुलगा. 'आत्या, आई गेली. पहाटे, झोपेत. घाई करू नकोस, सावकाश ये.' हल्ली फोनवर लिहिताना विरामचिन्हांच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि आई गेल्याचं कळवताना तर ते कोणाला सुचणार. पण हा तिच्या हाताखाली वाढलेला मुलगा. स्वल्पविराम जागच्या जागी होते, प्रत्येक वाक्य नीट संपवलेलं होतं. मला रडू आलं ते 'पहाटे'नंतरच्या स्वल्पविरामापाशी. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "वहिनी." आणि लगेच वाटलं, या एका शब्दातून हिला काय कळणार... वहिनी तर सगळ्यांनाच असते.

त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहावं असं तिने जगाला दिसेलसं काही केलं नाही. बोरिवलीच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना ती इंग्रजी शिकवायची, आणि त्यातही तिच्या वाट्याला नेहमी व्याकरण यायचं. पण माझ्या आयुष्याला जे काही वळण लागलं ते तिच्यामुळे लागलं, आणि ते कसं लागलं हे सांगणारं घरात आता दादा आणि मी एवढेच उरलो आहोत. दादा बोलणाऱ्यांतला नाही.

आमचे बाबा गिरणीत होते. ते गेले तेव्हा मी पाचवीत होते. दिगूदादा माझ्याहून पुष्कळ मोठा, तेव्हाच नोकरीला लागलेला. ऐंशीचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. लालबागची खोली सोडून आम्ही चारकोपला राहायला आलो, कारण दादाला तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काम मिळालं होतं. चारकोप तेव्हा वसत होतं. सेक्टरांना नंबर पडले होते, पण रस्त्यांना दिवे नव्हते. एकाला एक लागून बैठी घरं, मध्ये सामाईक अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ, आणि प्रत्येक दारापुढे जेमतेम चौघं बसतील एवढा ओटा. आईला आवडलं. गावासारखं वाटतं म्हणाली.

त्या घरात शैलावहिनी आली ती पार्ल्याहून. तिचे वडील सरकारी कचेरीत, घरात रोज इंग्रजी पेपर, आणि ती स्वतः इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दादाची आणि तिची ओळख टायपिंगच्या क्लासात झाली होती. दादा टायपिंग कधीच शिकला नाही, लग्न मात्र ठरवून आला. पार्ल्याच्या मंडळींनी काही महिने तोंडं फिरवली, मग नमतं घेतलं. आईची काळजी वेगळीच. ती मालवणीतच बोलायची. लग्नाच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "पार्ल्याचा चेडू आमच्या मोरयेत भांडी घासतला काय गो?" घासली तिने. पहिल्याच दिवशी साडीचा पदर खोचून बसली आणि अर्धी भांडी चिकट ठेवली. आईने काही न बोलता ती परत घासली. दुसऱ्या दिवशी वहिनी आईच्या शेजारी बसून ती कशी घासते ते बघत राहिली. माझ्या आठवणीत त्या दोघींची सुरुवात अशी आहे.

मी सातवीत होते. पहिल्या चाचणीचा इंग्रजीचा पेपर हातात पडला तेव्हा वाट लागल्याचं कळलंच होतं. पानभर लाल. सही दादाची घ्यायची होती आणि दादा संध्याकाळी यायचा, तोवर मी तो पेपर घेऊन ओट्यावर बसले होते. वहिनी बाहेर आली, तिने पेपर हातातून घेतला आणि तिथेच मांडी घालून वाचायला बसली. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली, "रेखा, तुला इंग्रजी येत नाही असं काही नाही गं. तुझी वाक्यं संपतच नाहीत." मग तिने मला माझंच उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. अट एकच, जिथे टिंब असेल तिथेच श्वास घ्यायचा. उत्तरात टिंब होतं थेट शेवटी. मी तिसऱ्या ओळीत धापा टाकायला लागले. "हं," ती म्हणाली, "जिथे जीव कासावीस झाला, त्याच्या जरा आधी फुलस्टॉप." त्या दिवशी आम्ही ते एक उत्तर सहा-सात वाक्यांत तोडलं. नवीन शब्द एकही घातला नाही. आणि ते मला कळायला लागलं. माझंच लिहिलेलं मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची मंदा येऊन बसली. मंदा माझ्याच वर्गातली, तोंडाने फटकळ, पाठांतराला पक्की आणि व्याकरणात माझ्याइतकीच गार. मग तिचा भाऊ आला, मग मागच्या ओळीतली दोघं. ओटा पुरेना तेव्हा अंगणात सतरंजी आली. वहिनी याला क्लास म्हणू द्यायची नाही. "शिकवतात ते तुमचे शाळेतले सर. मी नुसती रिव्हिजन घेते," असं सांगायची, आणि खरोखर दर वेळी सुरुवात मागच्या दिवसापासून करायची. तिच्याकडे प्रत्येक नियमाला काहीतरी सांगणं असायचं. 'ही' आणि 'शी'नंतर क्रियापदाला एस का लागतो? "एकटा माणूस आहे ना, त्याला सोबत नको?" मंदाचा भाऊ एस दिसला की आधी मालकी दाखवणारी अपॉस्ट्रॉफी टाकायचा. एकदा त्याने 'बसेस'मध्ये टाकली. वहिनी म्हणाली, "अरे, बस चारकोपला वेळेवर येत नाही आणि तू तिच्या नावावर मालमत्ता करून देतोस?" त्यानंतर अंगणात कोणाची अपॉस्ट्रॉफी चुकली, की पोरं 'बसची मालमत्ता' म्हणून हसायची.

पण तिचं सगळ्यात आवडतं प्रकरण होतं डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच. शाळेत आम्हाला त्याचं कोष्टक पाठ करायला दिलं होतं, 'टुडे'चं काय होतं, 'नाऊ'चं काय होतं. वहिनीने कोष्टक बाजूला ठेवलं. "नळावर काय चालतं?" तिने विचारलं. "ही म्हणाली, ती म्हणाली. हो की नाही? त्यात दोन जाती असतात. एक, समोरच्याचे शब्द जसेच्या तसे आणायचे. त्यांना दोन्ही बाजूंनी हात लावून, सांडू न देता आणायचं. ते हात म्हणजे इन्व्हर्टेड कॉमा. दुसरी जात, आपल्या शब्दांत सांगायचं. मग काळ बदलतो, माणूस बदलतो... आणि कधी कधी अर्थही बदलतो, म्हणून ते जपून करायचं." आम्ही नळावरची वाक्यं इंग्रजीत करत बसलो. आई दारात तांदूळ निवडत असायची. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण नळ कळत होता. ती मध्येच हसायची.

त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर हे झालं. अमेय तेव्हा पाच-सहा महिन्यांचा. माझ्याच शाळेतल्या इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांच्या जागी वार्षिक परीक्षेपर्यंत कोणीतरी हवं होतं. पाचवी ते सातवीची रिव्हिजन करून घ्यायची, बस. ही बातमी मीच घरी आणली. वहिनीचा चेहरा बदलला, मग तिने तो आवरला. दादाला विचारलं. दादा म्हणाला, "तू ठरव. आईशी मात्र तूच बोल." ती आईशी बोलली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. ती पोळ्या लाटताना मध्येच थांबायची, आईकडे बघायची आणि परत लाटायला लागायची.

आणि मग एका संध्याकाळी आईच बोलेनाशी झाली. वहिनीने चहा पुढे केला तर तो तसाच ठेवला. ताट वाढलं तर "भूक नाय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलं अंगणात बसलो होतो, वहिनी फळ्याऐवजी वापरायच्या पाटीवर काहीतरी लिहीत होती, अमेय तिच्या मांडीवर. आई दारात सूप घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "तुका नोकरेक जावचा असला तर जा. माझा नाव कित्याक घेतंस?"

वहिनीच्या हातातली पाटी तशीच राहिली. "मी तुमचं नाव कधी घेतलं, आई?"

"समोरची सांगून गेली. सासू आसा म्हणान माका नोकरी करूक मिळणा नाय, असा तू नळार बोललंस."

समोरच्या घरातल्या काकूंनी मनात वाईट धरून सांगितलं असेल असं मला आजही वाटत नाही. त्यांनी ऐकलं, त्यांना जेवढं कळलं तेवढं त्यांनी आपल्या शब्दांत पोचवलं. वहिनीने हातातली पाटी खाली ठेवली. तेवढ्यात मंदा उभी राहिली. "मावशी, मी होते तिथे. हंडा घेऊन मागेच होते. त्या असं नाही बोलल्या."

आईने सूप खाली ठेवलं. "मगे काय बोलली? जसाच्या तसा सांग."

मंदाने हात मागे बांधले, वर्गात कविता म्हणताना बांधतात तसे, आणि म्हणाली, "काकूंनी विचारलं, 'एवढी शिकलीस, नोकरी का नाही करत?' तर त्या म्हणाल्या, 'आमच्या आईंनी जन्मभर काम केलंय. आता कुठे त्यांना जरा टेकायला मिळतंय. मी नोकरी धरली तर या बाळाचं सगळं त्यांच्या अंगावर पडेल. मला त्यांना विचारायची हिंमतच होत नाही.' एवढंच बोलल्या. मग पाणी गेलं."

वहिनी खाली मान घालून अमेयच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती, ते सारखंच होतं तरी. आईने सूप परत मांडीवर घेतलं, दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "माका काय झाला हा? मी म्हातारी झालंय काय?" आणि जरा थांबून, "कधी जावचा आसा?"

"शनिवारी," वहिनी म्हणाली. "एक पाठ घेऊन दाखवायचाय."

"मी येतंय. नायतर झिलाक खय ठेवतलंस?" तिचा झील म्हणजे अमेय.

शनिवारी सकाळची शाळा. मुख्याध्यापकांनी पाठासाठी नेमका आमचाच वर्ग दिला. ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले, एरवी त्या बाकावर बसणारे तिघं पुढे ढकलले गेले. मी तिसऱ्या बाकावर, मान जितकी आत घेता येईल तितकी घेऊन. वहिनीने निळी साडी नेसली होती. फळ्यावर तिने 'पंक्चुएशन' लिहिलं तेव्हा खडू मोडला. वर्ग खुसखुसला. ती घाबरली होती, मला तिच्या मानेवरून कळत होतं. आणि पाच मिनिटंही झाली नसतील, तोच बाहेरच्या व्हरांड्यात अमेयने भोकाड पसरलं.

सगळा वर्ग दाराकडे वळला. वहिनीही वळली. क्षणभर मला वाटलं, आता ही बाहेर जाणार आणि संपलं. ती परत आमच्याकडे वळली आणि तिने विचारलं, "आत्ता काय ऐकलंत? इंग्रजीत सांगा." कोणीतरी म्हणालं, "द बेबी सेड..." तिने ते फळ्यावर लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला, अवतरणचिन्हं उघडली आणि थांबली. "पुढे काय लिहू?" वर्ग विचारात पडला. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, पण ते काय बोललंच नाही. नुसतं रडलं." "मग?" "मग 'द बेबी क्राइड'. फुलस्टॉप." वहिनीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद पाहिला तो तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही. "बरोबर. शब्द असतील तरच अवतरणचिन्हं." आणि तेवढ्यात दारात आई. कडेवर लालबुंद झालेला अमेय, आवाज तिचा नेहमीचा, अंगणाच्या पलीकडे ऐकू जाणारा. "शैला, झिलाक भूक लागली हा. पण तू घाई करू नको. तू आपला शिकव."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी बाकाखाली जायची तेवढी बाकी होते. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "हे बघा, यात शब्द आहेत," आणि आईचं ते बोलणं तिने आमच्याकडून इंग्रजीत करून घेतलं. माय मदर-इन-लॉ सेड, इथपासून, तीन वाक्यं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल कुठे, स्वल्पविराम आत की बाहेर, शेवटचा फुलस्टॉप कुठे. सगळ्या वर्गाचे हात वर होते. आई दारात उभी राहून फळ्याकडे बघत होती. आपण काय बोललो ते तिथे चढलंय एवढं तिला समजलं होतं. मागच्या बाकावर मुख्याध्यापक डोळे पुसत हसत होते. तास संपल्यावर ते आईला म्हणाले, "आजी, तुम्ही रोज आलात तरी चालेल."

घरी जाताना बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो. आई वहिनीकडे न बघता म्हणाली, "तू थंय उभी रवलंस तेव्हा माका बरा वाटला." वहिनीने नुसता तिचा हात धरला. बस आली तरी सोडला नाही.

ती जागा तिला मिळाली. शाळेत मला तिला 'बाई' म्हणावं लागायचं आणि तिने मला कधी सवलत दिली नाही, लाल शाई माझ्याही वहीत तेवढीच. वार्षिक परीक्षेत मी इंग्रजीत चांगली पास झाले, मंदाही झाली. मग रजेवरच्या बाई परत आल्या आणि वहिनीचं काम संपलं. तिला ठेवून घ्यायची मुख्याध्यापकांची इच्छा होती, पण बी.एड. नव्हतं, नियम आड आला. त्या मे महिन्यात ती फार शांत होती. मुलं गावाला गेली होती, सतरंजी गुंडाळलेली. एका दुपारी आईने विचारलं, "ता बी.एड. म्हणजे किती वर्सांचा?" वहिनी म्हणाली, "एकाच वर्षाचं, पण अमेय..." आई म्हणाली, "अमेयाक काय? तो माझ्या अंगार वाढताहाच." त्या जूनपासून वहिनी रोज पार्ल्याला जायला लागली. दुपारचं जेवण माहेरी, संध्याकाळी चारकोप. वर्षभर आईने अमेयला सांभाळलं आणि आमचे डबेही केले. पुढे बोरिवलीच्या शाळेत वहिनी लागली ती निवृत्त होईपर्यंत.

आईची गावाला जाणारी पत्रं त्यानंतर वहिनीच लिहायची. आधी मी लिहायचे, पण मी आईचं मालवणी 'सुधारून' लिहिते अशी आईची तक्रार होती. वहिनी पार्ल्याची असून एकेक शब्द विचारून, आई बोलेल तसा लिहायची. मामाने एकदा उलट पत्रात कळवलं, पत्र वाचताना बहीण समोर बसून बोलते असं वाटतं. आई गेली तेव्हा गावाहून आलेल्या मामाने पहिली चौकशी वहिनीची केली होती.

माझं म्हणाल तर, मी विमा कंपनीत पत्रव्यवहार सांभाळते. माझं इंग्रजी काही फार मोठं नाही. माझ्याहून झकास इंग्रजी बोलणारी तरुण मुलं ऑफिसात आहेत. पण एखाद्या पॉलिसीधारकाच्या बायकोला नवऱ्याच्या मृत्यूनंतर पत्र जायचं असतं, तेव्हा साहेब ते माझ्याकडे पाठवतात. मी ते लिहिते आणि हळू आवाजात वाचून बघते. कुठे श्वास अडतो, कुठे थांबायला हवं. हे मला ज्या बाईने दिलं तिला मी तोंडावर कधी आभार वगैरे मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती. म्हणून हे लिहायला घेतलं.

दादा-वहिनी पुढे बोरिवलीला राहायला गेले होते. निवृत्तीनंतर तिथल्या त्यांच्या इमारतीतली मुलं रविवारी सकाळी तिच्याकडे यायची. सगळी इंग्रजी माध्यमातली, इंग्रजी भराभर बोलणारी. "बोलतात छान गं," ती फोनवर सांगायची, "पण लिहायला बसली की टिंब कुठे द्यायचं ते कळत नाही." शेवटच्या आजारपणातही तिने रविवार सोडला नव्हता. तिचे दिवस झाले, पाहुणे पांगले, त्यानंतरच्या रविवारी मी दादाकडेच होते. सकाळी बेल वाजली. दारात सहावी-सातवीतली चार मुलं, दप्तरं घेऊन. दादाने दार उघडलं. त्यांतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, आम्हाला माहितेय. पण आजी म्हणायच्या, रविवार चुकवायचा नाही. आम्ही जाऊ का परत?" दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नका जाऊ. या आत."

मुलं चपला काढून आपापल्या जागी बसली, कोणाची जागा कुठली हे ठरलेलं होतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्यातच एका कडेला टेकले. त्या मुलीने मान हलवली. "तिथे नको, आत्या. खिडकीखाली बसा. आजी तिथेच बसायच्या, तिथून सगळ्यांच्या वह्या दिसतात." दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. मी उठले आणि खिडकीखाली जाऊन बसले. मुलांनी वह्या उघडल्या. खरंच, तिथून सगळ्यांच्या दिसत होत्या.